साईखालची वाइन: हेरेसची शेरी समजून घेताना

दादरच्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या कन्येने दक्षिण स्पेनमधून ‘फिनो’ नावाच्या शेरीची एक बाटली आणली आणि दिवाळीच्या सुटीत ती घरी उघडली गेली. शेरी म्हणजे काहीतरी गोड असणार या अपेक्षेने सर्वांनी पेले भरून घेतले. निघाली ती ठणठणीत कोरडी, म्हणजे जराही गोडवा नसलेली, किंचित खारट आणि कापून ठेवलेल्या सफरचंदासारख्या वासाची. पाहुण्यांनी नाके मुरडली. अर्धी बाटली बूच लावून कपाटात ठेवली, त्याला आता तीन आठवडे झाले. वाइन बिघडलेली होती का, उष्ण आणि समुद्रालगतच्या प्रदेशातल्या वाइन अशाच असतात का, आणि त्या समजून घ्यायच्या तर सुरुवात कोठून करावी, असे त्यांनी विचारले आहे.

मुंबईतल्या हॉटेलांसाठी वाइन निवडणे आणि तेथील वाढप्यांना ती चाखायला शिकवणे हे काम मी वीसेक वर्षे करीत आहे, आणि हा प्रश्न मला नवा नाही. प्रशिक्षणाच्या वर्गात फिनोचा पेला फिरवला की निम्मे जण हमखास ‘सर, ही उतरली आहे’ असे म्हणतात. तेव्हा आधी सरळ उत्तर देतो. आपण वर्णन केलेला वास आणि चव हीच चांगल्या फिनोची ओळख आहे, त्यामुळे उघडली त्या दिवशी ती बाटली बिघडलेली नसावी. आज तिची अवस्था काय असेल, ते शेवटी सांगतो.

शेरी ज्या हेरेस प्रदेशाची, तो स्पेनच्या नैर्ऋत्य टोकाला, आंदालुसिआतील कादिस प्रांतात, अटलांटिक महासागराच्या काठी आहे. हेरेस दे ला फ्रोन्तेरा, एल पुएर्तो दे सांता मारिआ आणि ग्वादाल्किविर नदीच्या मुखाशी वसलेले सानलूकार दे बारामेदा या तीन गावांनी होणारा त्रिकोण म्हणजे या वाइनचे माहेरघर. अक्षांश सुमारे ३६ अंश उत्तर, वर्षातले तीनशेच्या आसपास दिवस लख्ख उन्हाचे, आणि उन्हाळ्यात पारा कधी कधी चाळिशीला टेकतो. तेथील शेतकऱ्याच्या बोलण्यात दोन वारे सतत येतात. पूर्वेकडून, जमिनीवरून येणारा ‘लेवांते’ कोरडा आणि भाजून काढणारा असतो, तर पश्चिमेकडून समुद्रावरून येणारा ‘पोनिएन्ते’ ओलसर आणि गार असतो. शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. ते दिवसरात्रीच्या फेऱ्याने वाहतात आणि हे दोघे हवामानाच्या लहरीने कित्येक दिवस मुक्काम करतात, हा फरक लक्षात ठेवला तर ती जोडी येथे समजुतीला उपयोगी पडते. काढणीच्या सुमारास लेवांते काही दिवस टिकला तर द्राक्षांतली साखर झपाट्याने चढते आणि घड वेलीवरच सुकू लागतात. पोनिएन्ते रात्री दव आणतो आणि वेलीला श्वास घेऊ देतो.

पाऊस वर्षाला साधारण ६०० मिलिमीटर, तोही जवळजवळ सगळा शरद आणि हिवाळ्यात. उन्हाळा संपूर्ण कोरडा जातो. मग वेल जगते कशी, याचे उत्तर ‘आल्बारिसा’ या पांढऱ्या मातीत आहे. प्राचीन समुद्रतळाशी साचलेल्या सूक्ष्म जीवांच्या अवशेषांची ही चुनखडीयुक्त, भुसभुशीत माती स्पंजासारखी पाणी शोषून घेते आणि उन्हाळ्यात तिच्या पृष्ठभागावर घट्ट कवच तयार होते, त्यामुळे आतला ओलावा उडून जात नाही. काढणी झाली की तेथील शेतकरी वेलींच्या ओळींमध्ये चौकोनी खड्ड्यांची रांग काढतात, म्हणजे हिवाळ्यातला पाऊस उतारावरून वाहून न जाता जागच्या जागी मुरतो. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा ज्याने आपल्याकडे एसटी स्थानकाच्या भिंतीवर वाचली आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. आपल्या नाशिकच्या बागाइतदाराला मात्र एका गोष्टीचे नवल वाटेल. आपल्याकडे वेल हिवाळ्यात खऱ्या अर्थाने झोपत नाही, म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराची फळछाटणी अशा दोन छाटण्या कराव्या लागतात, आणि वाइनच्या द्राक्षांची काढणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते. हेरेसला वेल हिवाळ्यात झोपते, मुख्य छाटणी एकदाच होते आणि काढणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उरकते.

येथवरचे वर्णन ऐकून कोणालाही वाटेल की अशा प्रदेशात उत्तम फळाची, रसरशीत वाइन होत असेल. तसे होत नाही. हेरेसच्या बहुतेक सर्व मळ्यांत लावलेले ‘पालोमिनो’ हे द्राक्ष अगदी मवाळ आहे. उन्हात त्याची आम्लता लवकर उतरते आणि त्याला स्वतःचा म्हणावा असा ठळक सुगंध नाही. नुसत्या पालोमिनोची ताजी वाइन चाखली तर ती सपक वाटते. अलीकडे जुन्या मळ्यांतून, कमी उत्पादन घेऊन, पालोमिनोच्या साध्या पांढऱ्या वाइन करणारे काही उत्पादक पुढे आले आहेत आणि त्यांतल्या काही मला मनापासून आवडतात, पण सर्वसाधारण नियम तोच राहतो. उष्ण समुद्रकाठी आम्लता टिकवणारी द्राक्षेही असतात. ग्रीसच्या सांतोरिनी बेटावर वाऱ्यापासून बचावासाठी टोपलीसारखी वळवून वाढवलेल्या वेलींवरचे आसिर्तिको हे द्राक्ष इतक्या उन्हातही लिंबासारखे आंबट राहते. हेरेसला निसर्गाने ती सोय दिली नाही, म्हणून तेथील माणसांनी ताजेपणा द्राक्षात शोधण्याऐवजी तळघरवजा कोठारात निर्माण केला. तळघर हा शब्द मी सवयीने वापरला, खरे तर तेथील कोठारे जमिनीवरच असतात. आपण फिनोमध्ये फळ शोधलेत आणि ते सापडले नाही. ते तेथे असावे अशी कोणाची अपेक्षाच नव्हती.

रस आंबवून पूर्ण कोरडी, साधारण ११ ते १२ टक्के अल्कोहोलची वाइन तयार होते आणि त्यानंतर तिच्यात द्राक्षाचेच तीव्र मद्य मिसळून अल्कोहोल वाढवले जाते. हा क्रम नीट ध्यानात घ्यावा. गोव्यातून येणाऱ्या गोड पोर्टमुळे आपल्याकडे अशी समजूत आहे की मद्य मिसळलेली वाइन म्हणजे गोड वाइन. पोर्तुगालच्या अस्सल पोर्टमध्ये रस अर्धवट आंबला असतानाच मद्य घालून किण्वन थांबवतात, त्यामुळे साखर शिल्लक राहते. शेरीत मद्य घालण्याच्या वेळी साखर संपलेली असते, म्हणून ती जन्मतः कोरडी असते. जी शेरी गोड असते, ती बहुधा नंतर गोड केलेली असते. नैसर्गिकरीत्याच १५ टक्क्यांपर्यंत पोहोचलेल्या वाइनला आता बाहेरून मद्य न घालताही हे नाव लावता येते, पण तो अपवाद समजावा.

किती मद्य घालायचे, यावर त्या वाइनचे पुढचे सगळे आयुष्य ठरते. १५ टक्क्यांच्या आसपास ठेवले तर पिंपातल्या वाइनवर यीस्टचा थर धरतो आणि त्याखाली मुरून तिची फिनो होते, आणि १७ टक्क्यांच्या वर नेले तर तो थर जगू शकत नाही. या थराला स्पॅनिश भाषेत ‘फ्लोर’, म्हणजे फूल, म्हणतात. मी वर्गात त्याला साय म्हणतो, कारण दिसायला तो तसाच असतो. सानलूकारच्या एका कोठारात पाहुण्यांसाठी समोरच्या बाजूला काच बसवलेले पिंप ठेवले होते. त्यात डोकावलो तेव्हा प्रथम काही वेगळे दिसले नाही, मग डोळे अंधाराला सरावल्यावर फिकट सोनेरी वाइनवर तरंगणारी मळकट पांढरी, सुरकुतलेली साय दिसली. गार झालेल्या दुधावरची साय बोटाने एका बाजूला सारावी तशा तिला घड्या पडल्या होत्या, आणि तिचे मेलेले कण खाली पिंपाच्या तळाशी साचले होते. ६०० लिटरचे, काळा रंग दिलेले ते ओकचे पिंप मुद्दाम पाच-षष्ठांशच भरलेले असते, म्हणजे वाइनवर हवा राहते आणि साईला पसरायला जागा मिळते. वाइनच्या इतर प्रदेशांत पिंपात हवा शिरू नये म्हणून जिवाचा आटापिटा करतात. येथे हवा हवीच असते, कारण यीस्ट तिच्यावर जगते आणि तिला वाइनपर्यंत पोहोचू देत नाही.

ही साय वाइनला दोन गोष्टी करते. एक तर ती अल्कोहोलचा काही भाग वापरून अॅसिटाल्डिहाइड तयार करते, आणि आपल्याला आलेला कापून ठेवलेल्या सफरचंदाचा, ओल्या बदामाचा, काहींना कच्च्या कणकेचा वाटणारा वास बराचसा त्याचाच असतो. दुसरे म्हणजे वाइनला गुळगुळीतपणा देणारे ग्लिसरॉल ती जवळजवळ सगळे खाऊन टाकते. ग्लिसरॉल गेले की जिभेवर काही रेंगाळत नाही, वाइन हाडकुळी आणि टोकदार वाटते. आम्लता बेताचीच असूनही फिनो इतकी तरतरीत लागते, याचे कारण यातच आहे. खारटपणाची चर्चा निघाली की समुद्राचे मीठ पिंपात उतरते अशी कविकल्पना नेहमी ऐकायला मिळते. मी ती वर्गात खोडून काढतो. साखर नाही, ग्लिसरॉल नाही, फळाचा आभास नाही, अशा वाइनमध्ये जे मूळचे क्षार असतात तेच उघडे पडतात, आणि जिभेला ते मिठासारखे भासतात.

साईला सुमारे १५ ते २० अंश सेल्सिअस तापमान आणि दमट हवा मानवते. म्हणून तेथील कोठारे एखाद्या चर्चसारखी उंच, जाड भिंतींची असतात, वरच्या खिडक्यांवर गवताच्या चटया सोडलेल्या असतात, जमीन मातीची असते आणि उन्हाळ्यात तिच्यावर पाणी शिंपडतात. माठाभोवती ओले फडके गुंडाळणाऱ्याला यामागचा विचार लगेच कळेल. पोनिएन्ते आत यावा अशा बेताने इमारतींची तोंडे ठेवलेली असतात. वीस-पंचवीस किलोमीटरच्या अंतराने केवढा फरक पडतो, ते येथे पाहावे. आतल्या बाजूच्या हेरेसमध्ये साय वसंतात आणि शरदात दाट होते, उन्हाळ्याच्या काहिलीत आणि हिवाळ्याच्या थंडीत विरते. नदीमुखाशी असलेल्या सानलूकारमध्ये हवा वर्षभर सौम्य आणि दमट, त्यामुळे साय बाराही महिने दाट टिकते. तेथे मुरलेल्या वाइनला ‘मांसानिया’ असे वेगळे नाव आणि कायद्याने वेगळा दर्जा आहे. द्राक्ष तेच, माती तीच, पद्धतही बहुतांशी तीच, आणि तरी मांसानिया फिनोहून हलकी आणि अधिक कोरडी लागते. स्पॅनिशमध्ये हा शब्द कॅमोमाइलच्या फुलासाठीही वापरतात आणि खरोखरच त्या फुलाची आठवण व्हावी असा वास तिला येतो. दोन्ही शेजारी ठेवून चाखण्याचा योग आला तर सोडू नये. समुद्र वाइनमध्ये काय करतो, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारी दुसरी जोडी मला माहीत नाही.

ही साय जिवंत ठेवायची तर तिला वेळोवेळी नवे अन्न द्यावे लागते, आणि त्यासाठी जी व्यवस्था बसली तिला ‘सोलेरा’ म्हणतात. पिंपे एकावर एक रचलेली असतात. तळाच्या ओळीत सर्वांत जुनी वाइन असते, आणि बाटलीत भरायची ती तिच्यातून थोडीच काढतात. जितकी काढली तितकी वरच्या ओळीतून भरतात, तिची तूट त्याहून वरच्या ओळीतून, आणि सर्वांत वर यंदाची नवी वाइन येते. पुस्तकातली आकृती पाहून लोक गोंधळतात, म्हणून मी विरजणाचे उदाहरण देतो. कालच्या दह्यातले चमचाभर आजच्या दुधात, आजच्यातले उद्याच्या, आणि भांडे कधी कोरडे पडू द्यायचे नाही. फरक इतकाच की विरजणात जुने थोडे आणि नवे पुष्कळ असते, सोलेरात उलट. तळाच्या एका पिंपातून दरवर्षी चौथा हिस्सा काढून भरत गेलो, तर दहा वर्षांनी मूळच्या शंभर लिटरपैकी साडेपाच लिटरांच्या आसपास उरतात, आणि हिशोब कितीही पुढे नेला तरी शून्यावर येत नाही. म्हणून बहुतेक शेरीच्या बाटलीवर द्राक्षाचे वर्ष नसते. तसे वर्ष सांगताच येत नाही. लेबलावर एखादे जुने साल ठळक छापलेले दिसले, तर ते बहुधा सोलेरा सुरू झाल्याचे किंवा घराणे स्थापन झाल्याचे असते, वाइनचे वय म्हणून त्याचे जास्त पैसे मोजू नयेत. कायद्याने शेरी सरासरी किमान दोन वर्षे मुरलेली असावी लागते.

साईवाचून, १७ टक्क्यांच्या वर मुरवलेली वाइन म्हणजे ‘ओलोरोसो’. तिला हवा थेट लागते, रंग तपकिरी होतो, अक्रोड, सुके अंजीर आणि जुन्या लाकडी कपाटाचा वास येतो. सुक्या हवेत लाकडातून पाणी अधिक उडते, त्यामुळे वर्षानुवर्षे मुरलेल्या ओलोरोसोचे अल्कोहोल वीस टक्क्यांच्याही पुढे जाते. साईखाली सुरुवात करून, ती मेल्यावर पुढे हवेत मुरलेली ती ‘आमोंतियादो’, जिच्यात फिनोचा टोकदारपणा आणि ओलोरोसोचा सुक्या मेव्याचा गंध दोन्ही सापडतात. माझी वैयक्तिक आवड विचाराल तर हीच. ‘पालो कोर्तादो’ या तिसऱ्या प्रकारावर पाने भरभरून लिहिले जाते. पिंपावरच्या खडूच्या रेघेला आडवी रेघ मारून खूण करीत, म्हणून ‘कापलेली काठी’ असे ते नाव. नासिकेला आमोंतियादो आणि जिभेला ओलोरोसो वाटावी अशी ती असते, आणि तिच्याभोवतीच्या गूढतेत विक्रीकलेचा वाटा थोडा नाही.

ओलोरोसोचे नाव मुंबईकराने व्हिस्कीच्या खोक्यावर वाचलेले असते. ‘शेरी कास्क’ म्हणून मिरवणारी व्हिस्की हजारो रुपयांना हातोहात जाते आणि तिला वास देणारी मूळ वाइन दुकानाच्या कोपऱ्यात धूळ खाते, हे मला नेहमी खटकते. त्यातही आज वापरली जाणारी बहुतेक पिंपे सोलेरातली नसतात, व्हिस्कीवाल्यांच्या मागणीवरून वर्ष-दोन वर्षे शेरी भरून तयार केलेली असतात.

गोड शेरीची कथा इंग्लंडकडे जाते. फ्रान्सिस ड्रेकने १५८७ मध्ये कादिस बंदरावर छापा घालून शेरीची हजारो पिंपे मायदेशी नेली, आणि पुढे ती बाजारपेठ इतकी मोठी झाली की तेथल्या आवडीप्रमाणे ओलोरोसोत गोडवा मिसळून ‘क्रीम’ शेरी तयार होऊ लागली. साहेबाबरोबर ती आपल्याकडच्या क्लबांत आणि ट्रायफल पुडिंगात पोहोचली, आणि शेरी म्हणजे गोड ही समजूत तेव्हापासून चिकटली. उन्हात वाळवलेल्या द्राक्षांची ‘पेद्रो हिमेनेस’ ही मात्र मुळातच गोड असते, काकवीसारखी दाट आणि काळी. तिच्यात लिटरमागे किमान २१२ ग्रॅम साखर असावी लागते, प्रत्यक्षात पुष्कळदा दुप्पट असते. पेल्यातून पिण्यापेक्षा व्हॅनिला आइस्क्रीमवर ओतून ती अधिक शोभते.

आता साठवणुकीविषयी, कारण मुंबईत फिनो बहुधा येथेच मार खाते. काही वर्षांपूर्वी एका आयातदाराकडून आम्ही मांसानियाची खोकी घेतली. ती मे महिनाभर पत्र्याच्या छपराच्या गोदामात पडून होती, हे आम्हाला नंतर समजले. पहिली बाटली ओतली तेव्हा फिकट गवती रंगाऐवजी चहाच्या पाण्यासारखा रंग आला, वास थिजलेल्या तेलासारखा, आणि जिभेवर नुसता कडवटपणा. बाटलीत साय नसते, भरताना वाइन गाळून घेतलेली असते, त्यामुळे तिचे रक्षण करणारे कोणी उरलेले नसते. म्हणून खरेदी करताना मागच्या लेबलावर बाटलीत भरल्याची तारीख आहे का ते पाहावे, आणि वर्षभरातली असेल तरच घ्यावी. ‘एन रामा’ असे लिहिलेली, म्हणजे कमीत कमी गाळलेली, असेल तर ती आणखी नाजूक समजावी. अर्ध्या मापाची छोटी बाटली मिळाली तर तीच घ्यावी. पेला पांढऱ्या वाइनचा नेहमीचा चालतो, आणि फिनो सहा-आठ अंशांपर्यंत गार असावी. आपल्या ऑक्टोबरच्या उकाड्यात ती पेल्यात दहा मिनिटांत कोमट होते, तेव्हा थोडी थोडी ओतावी.

आपल्या पाहुण्यांनी ती फराळाबरोबर, बहुधा चकली-करंजीच्या मध्ये, चाखली असणार, आणि करंजीच्या सारणानंतर कोणतीही कोरडी वाइन आंबट-कडू लागते. पुढच्या वेळी रवा लावून कुरकुरीत तळलेले बोंबील ताटात येईपर्यंत बाटली उघडू नये. कादिसच्या किनाऱ्यावर तळलेल्या लहान मासळीबरोबर मांसानिया पितात, आणि आपले बोंबील त्या मासळीचे सख्खे भावंड आहे. तळणाचा तुपकटपणा ती एका घोटात पुसून काढते. सुक्या जवळ्याची चटणी, खारवलेले बदाम, लसणाची फोडणी दिलेली कोलंबी यांच्याशीही ती जमते. लाल तिखटाच्या झणझणीत कालवणापुढे मात्र तिचे अल्कोहोल जीभ पोळते, आणि कोकमाचा आंबटपणा तिला पार झोपवतो. त्या ठिकाणी पाणी प्यावे. अळिंबी, खिमा किंवा सुक्या मटणाबरोबर आमोंतियादो किंवा कोरडी ओलोरोसो आणावी.

राहता राहिली ती कपाटातली अर्धी बाटली. फिनो आणि मांसानिया उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवूनही चार-पाच दिवसांत, फार तर आठवड्याभरात संपवावी. आमोंतियादो तीनेक आठवडे आणि ओलोरोसो महिना-दोन महिने तग धरतात, कारण त्यांनी हवा आधीच पचवलेली असते. मुंबईच्या हवेत, कपाटात, तीन आठवडे राहिलेली आपली फिनो आता पिण्याजोगी उरली नसणार. तरीही ओतून देऊ नका. लोखंडी तव्यावर लोण्यात भरपूर लसूण आणि अळिंबी परतून घ्यावी, सुटलेले पाणी आटत आले की वाटीभर फिनो घालून मोठ्या आचेवर ती पूर्ण उडू द्यावी, आणि मीठ अगदी शेवटी, चाखून घालावे.